ब्राह्मणपाऱ्यातली फर्स्ट परेड

दसऱ्याच्या दिवशी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. कंकाली मठाचे दार वर्षातून त्या एकाच दिवशी उघडते आणि आतली जुनी शस्त्रे पाहायला, त्यांची पूजा करायला लोक रांगा लावतात. शस्त्रपूजा आम्ही फौजीही करतो, पण आमची शस्त्रे रोज बाहेर निघतात, रोज पुसली जातात आणि रोज मोजली जातात. वर्षातून एकदा हळदकुंकू आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस कुलूप, हे मठातल्या शस्त्रांना चालते. गाडीला चालत नाही.

हे मला आत्याच्या दारात सुचले. आमच्या आत्याचे सासर ब्राह्मणपाऱ्यातले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात आलेली मराठी घरे या भागात आहेत. पलीकडे लाखेनगर आहे, वामनराव लाखे यांच्या नावाचे. माधवराव सप्रे यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले, त्यांच्या नावाची शाळाही फार लांब नाही. अशा गल्लीत त्या दिवशी आतेभावाच्या मुलाच्या गाडीची पूजा चालली होती. जुनी स्विफ्ट. बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आरशाला झेंडूचा हार. मागे बादलीच्या तोंडाएवढा नवा सायलेन्सर.

पूजा झाल्यावर आत्याने मला माजघरात बोलावले. "अरे, हा रात्री नव्या रायपूरला जाऊन गाडी भगवतो. एकशे चाळीस म्हणे. तू फौजेत आहेस, तुझं तरी ऐकेल. तू याला समजव ना रे."

नवे रायपूर ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगतो. तिथले रस्ते रुंद, सरळ आणि रात्री जवळजवळ रिकामे. तेवीस वर्षांच्या मुलाला ते आमंत्रणच वाटते. पण रिकामे म्हणजे मोकळे नव्हे. छत्तीसगडात रात्री गुरे डांबरावर येऊन बसतात, कारण डांबर उबदार असते. ताशी 140 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 39 मीटर पुढे जाते. गाय दिसली, डोक्याने ठरवले, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच तो सेकंद संपतो. ब्रेक अजून लागायचाच असतो.

मी त्याला रागावलो नाही. रागावून काय होते ते मला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखालचा एक जवान रजेवर गेला आणि गावाजवळच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून गेला तो गेलाच. चांगला पोरगा. युनिटमध्ये असताना त्याने कधी वेगमर्यादा मोडली नव्हती, कारण तिथे मोडता येत नव्हती. रजेवर जाण्याआधी मी सगळ्यांना फॉल-इन करून "गाडी सावकाश चालवा" असे सांगितले होते. त्याच्या वडिलांना पत्र लिहिताना ते वाक्य मला आठवत होते. उपदेश मी वेळेवर केला होता. सराव मात्र काही दिला नव्हता.

म्हणून मी पुतण्याला विचारले, "तुला वेग हवाय ना? मग ट्रॅकवर चल. पण गाडी मी सांगेन तशी तयार करायची."

तो म्हणाला, "काका, गाडी तर एकदम तयार आहे."

आत्याला वाटले, मी फितूर झालो. ओळखीच्या काही वडीलधाऱ्यांनाही तसेच वाटले. आजचा लेख त्यांच्यासाठी आहे आणि पुतण्याच्या वयाच्या मुलांसाठीही. माझे मत सरळ आहे. वेगाची हौस दाबून मरत नाही, तिला जागा आणि शिस्त द्यावी लागते. आणि रस्त्यावरची साधी गाडी पहिल्यांदा ट्रॅकवर न्यायची तयारी ही त्या शिस्तीची सर्वांत स्वस्त शाळा आहे.

आधी ट्रॅक डे म्हणजे काय ते सांगतो. ती शर्यत नव्हे. बंद ट्रॅकवर, समोरून कोणी येत नसताना, ठरलेल्या वेळेच्या तुकड्यांत आपली गाडी चालवायची. पुढे जाण्याच्या जागा ठरलेल्या, झेंडे दाखवणारी माणसे वळणावळणावर उभी, रुग्णवाहिका तयार. आपल्याकडे त्यासाठी ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट आहे, 2011 ते 2013 अशी तीन वर्षे जिथे फॉर्म्युला वन झाली. कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे आहे. आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रासचा जुना ट्रॅक आहे, 3.717 किलोमीटरचा. त्याच्याही आधी मद्रासच्या शर्यती शोलावरमच्या धावपट्टीवर होत. दुसऱ्या महायुद्धातली ती धावपट्टी. इंग्लंडचे सिल्व्हरस्टोनही असेच युद्धकाळातले विमानतळ. लढाईसाठी केलेले डांबर नंतर पोरांच्या हौसेला कामी आले, हे मला फौजी म्हणून आवडते. आम्ही चेन्नई निवडले आणि जानेवारी धरला, कारण दसऱ्यानंतर दोन-अडीच महिने तिकडे परतीचा पाऊस असतो.

आता तयारी. फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी ड्रायव्हर 'फर्स्ट परेड' करतो. तेल, पाणी, हवा, ब्रेक, दिवे, खाली काही गळतेय का. वाटेत थांबला की 'हॉल्ट परेड', परतल्यावर 'लास्ट परेड'. गाडी काल ठीक होती हे उत्तर तिथे चालत नाही. मी पुतण्याला म्हटले, ब्राह्मणपाऱ्यात आपण फर्स्ट परेड करू.

त्याची यादी तयार होती: मोठे अलॉय, इंजिनाचा रीमॅप, एअर फिल्टर, अजून मोठा आवाज. माझ्या यादीत पहिली ओळ होती ब्रेक ऑइल. त्याने मला गॅरेजचे बिल दाखवले, "दोन महिन्यांपूर्वीच बदललंय काका." मी टाकीचे झाकण उघडले. आत कोऱ्या चहासारखे काळपट तेल. बिलात लिहिले होते, गाडीत घातले नव्हते. त्या गॅरेजवाल्याशी भांडण्यात मी वेळ घालवला नाही. पुतण्याला एवढेच सांगितले की बिल म्हणजे तपासणी नव्हे. सहीच्या खाली काय आहे ते आपल्या डोळ्यांनी बघायचे असते. फौजेतही न बघता केलेल्या सहीने घात होतो.

ब्रेक ऑइल एवढे महत्त्वाचे का, याचा हिशेब साधा आहे. चालकासह साधारण एक टनाची गाडी 120 वरून 60 वर आणली की चारशे किलोज्यूलहून अधिक ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. तेवढ्या उष्णतेत सव्वा लिटर गार पाणी उकळीला येईल. वेग निम्मा होतो, पण ऊर्जा पाऊणपट जाते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. रस्त्यावर असा ब्रेक महिन्यात एखाद्या वेळी लागतो. ट्रॅकवर एका फेरीत तीन-चार वेळा, आणि फेऱ्या थांबत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. नवे डॉट 4 तेल निदान 230 अंशांपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे. ओलावा धरलेल्या तेलासाठी तेच प्रमाण 155 अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकते. गाडी तशीच पुढे जाते. हे टाळायला लागते एक सीलबंद डबा, काही शे रुपये आणि चारही चाकांचे जुने तेल पूर्ण काढून हवा बाहेर करणारा इमानदार मिस्त्री. डबा घेताना मॅन्युअल बघा. डॉट 5 हे सिलिकॉनचे वेगळे तेल आहे, नावात आकडा मोठा म्हणून ते ओतू नका.

दुसरी ओळ ब्रेक पॅड आणि डिस्क. पॅड अर्धे झिजलेले असतील तर नवे घालायचे, आणि नवे घातले तर ट्रॅकच्या आधी काही दिवस शहरात वापरून बसू द्यायचे. तिसरी ओळ टायर. पुतण्याच्या टायरवर नक्षी भरपूर होती, पण बाजूवरचे चार आकडे त्याने कधी वाचले नव्हते. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. मागची जोडी सात वर्षांची निघाली. दिसायला उत्तम, पण रबर कडक आणि कडेला बारीक चिरा. रीमॅपचे पैसे टायरमध्ये गेले. तो हिरमुसला. मी त्याला सांगितले की इंजिन गाडीला हलवते, पण गाडी जमिनीला धरून असते ती फक्त चार तळहातांएवढ्या रबरावर.

चौथी ओळ चाकाचे नट. इथे पुतण्याने हसून पान्यावर पाय देऊन दाखवला. ही आपल्या सगळ्या देशाची पद्धत आहे. नट कमी आवळला तर चाक सैल आणि पाय देऊन आवळला तर बोल्ट ताणला जातो. मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो आणि तो मोजणारा टॉर्क पाना बाजारात मिळतो. पाचवी, इंजिन ऑइल. लांब वळणात तेल चेंबरमध्ये एका बाजूला सरकते, म्हणून पातळी वरच्या खुणेला हवी, पण खुणेच्या वर नको. सहावी, रेडिएटर, होज आणि पंखा. सातवी, पुढे गाडी ओढायचा हुक बसतो का ते आधीच बसवून बघायचे.

आठव्या ओळीला घरात वाद झाला. गाडीत सुटे काही ठेवायचे नाही: स्टेपनी, जॅक, पायपुसणी, पाण्याची बाटली, छत्री. ब्रेकच्या पेडलखाली घरंगळलेली बाटली ही पाहता पाहता मृत्यू होते. आणि डॅशबोर्डवरचा गणपतीही काढायचा. आत्या म्हणाली, "अरे, त्याच्या भरवशावर तर पोरगा रोज घरी येतो." मी म्हटले, "आत्या, चिकटपट्टी सुटली तर तो याच्याच तोंडावर येईल." शेवटी तोड तिनेच काढली. मूर्ती देव्हाऱ्यात बसवली आणि म्हणाली, "तू येईस्तोवर इथंच राहील तो."

उरलेली तयारी गाडीची नव्हे, माणसाची. सीट अशी हवी की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचावे आणि ब्रेक पूर्ण दाबूनही गुडघा थोडा वाकलेला राहावा. आपली निम्मी मुले सिनेमात बघून मागे रेलून गाडी चालवतात. अंगात सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात पातळ तळाचे बूट, डोक्याला मापाचे हेल्मेट. झेंडे पाठ: पिवळा म्हणजे पुढे धोका, पुढे घुसायचे नाही. निळा म्हणजे मागून जलद गाडी येते आहे. लाल म्हणजे सगळे थांबले, सावकाश परत या. काळा दाखवला तर तुम्हालाच बोलावले आहे.

एक कागदी काम कोणी सांगत नाही. आपल्या खाजगी गाडीचा विमा उघडून वाचा. वापराच्या मर्यादांमध्ये शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर जे मोडेल ते आपल्या खिशातून. हे आतेभावाला मी आधी सांगितले आणि तो हो म्हणाल्यावरच पैसे भरले. मुलाने अर्धा खर्च आपल्या पगारातून दिला, तो सायलेन्सर विकून.

ट्रॅकवर काय झाले ते थोडक्यात. दोन दिवस प्रवास करून गेलो, तोही त्याच गाडीने. तिलाच परत घरी यायचे आहे हे भान त्याने सगळा दिवस ठेवावे, हा माझा हेतू होता. पहिल्या तुकडीत पहिली फेरी सावकाश, टायर आणि ब्रेक तापवायला. शेवटची फेरीही सावकाश, ते निववायला. आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी गुटका लावायचा. टायरची हवा गरम होऊन वाढलेली असते, ती मोजून मॅन्युअलच्या आसपास आणायची. नट पुन्हा पान्याने बघायचे. दुसऱ्या तुकडीनंतर पुढच्या डाव्या चाकाचा एक नट थोडा फिरला. पुतण्याने माझ्याकडे पाहिले, मी काही बोललो नाही. त्यानंतर तो प्रत्येक वेळी न सांगता पाना घेऊन वाकत होता.

त्याच दिवशी एका महागड्या गाडीचे पेडल तळाला टेकले आणि ती सरळ वळणाबाहेर मातीत गेली. चालक हसत उतरला, पण हात थरथरत होते. त्या जागी नव्या रायपूरचा चौक असता तर? हा प्रश्न मी विचारला नाही. पुतण्यानेच विचारला.

अजून एक गोष्ट झाली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. आमच्याहून जुन्या, आमच्याहून लहान गाडीने एक पिकल्या केसांचे गृहस्थ त्याला दोनदा मागे टाकून गेले. रात्री नव्या रायपूरला पुतण्या सर्वांत जलद होता, कारण तिथे मोजणारे कोणी नव्हते. ट्रॅकवर त्याला आपली खरी जागा कळली. आमच्या पिढीला खडकवासल्याला पहिल्या सहामाहीत जे कळले तेच हे: आपल्या गावातला हिरो इथे अजून काहीच नाही. हे कळायला हवे, आणि कोणाचा जीव न जाता कळायला हवे.

आता आक्षेपांचे बघू. पहिला: ट्रॅकची चटक लागली की रस्त्यावरही पोरगा तसाच चालवेल. हा आक्षेप खोटा नाही. परतीच्या वाटेवर माणसाच्या अंगात वेग भिनलेला असतो, म्हणून पहिले दोन तास मी स्वतः चालवले. सगळेच सुधारतात असा दावा मी करणार नाही. पण जो पोरगा आज रात्री रस्त्यावर 140 ने जातोच आहे, त्याच्यापुढे निवड ट्रॅक आणि घर यांच्यात नाही, ट्रॅक आणि तो रस्ता यांच्यात आहे. रस्त्यावर शर्यत केली तर मोटार वाहन कायद्याच्या 189 कलमाखाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा हवाच. पण कायदा पकडल्यावर शिकवतो आणि गाय त्याच्या आधी भेटते.

दुसरा आक्षेप: ही श्रीमंतांची चैन आहे. चेन्नईपर्यंत जाणे स्वस्त नाही, हे मान्य. पण ब्रेक ऑइल, टायरचे आकडे, नटाचा टॉर्क, सीटची बैठक, सुटे सामान, यांतले काहीही चैनीचे नाही. ट्रॅकवर न जाता केले तरी ते कामाचे आहे. 2022 साली आपल्या देशात रस्त्यावर 1,68,491 माणसे मेली, आणि सरकारी अहवालानुसार त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंमागे अतिवेग होता. एवढी माणसे लढाईत गेली असती तर आपण चौकाचौकात स्मारके उभारली असती.

इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा वेगवान ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला. नगरला व्हीआरडीईमध्ये फौजी गाड्यांची कसोटी होते, पुण्यात एआरएआय आहे. म्हणजे गाडी तपासायला आपल्याकडे जागा आहेत. गाडी चालवणारा तपासायला जागा कुठे आहे? नव्या रायपूरसारख्या शहरात महिन्यातून एक रविवार, एक रस्ता रीतसर बंद करून, गवताच्या गाठी लावून, पोलीस आणि रुग्णवाहिका उभी करून जोरात ब्रेक मारायला शिकवता येईल. तिथे शर्यत नको, नुसते थांबणे शिकवा. साठवर थांबायला किती लागते आणि शंभरवर किती, हे पोरांनी एकदा स्वतःच्या पायाने अनुभवले तर भाषणाची गरज उरणार नाही.

सरकार करेल तेव्हा करेल. हे वाचणाऱ्या माझ्या निवृत्त बांधवांना मात्र एक विनंती आहे. तुमच्यात ईएमईचे कारागीर आहेत, पंचवीस वर्षे डोंगरात गाडी चालवलेले ड्रायव्हर आहेत, फर्स्ट परेड झोपेतही करतील असे सुभेदार साहेब आहेत. एक रविवार सकाळ द्या. आपल्या गल्लीतल्या पोरांना गाड्या आणि मोटारसायकली घेऊन बोलवा. उपदेश करू नका. टाकीचे झाकण उघडा, टायरचे आकडे वाचायला लावा, पाना हातात द्या. पोरगा तुमचे ऐकणार नाही, पण काळे तेल बघेल.

पुतण्या आता कसा चालवतो, असे आत्याला परवा फोनवर विचारले. ती म्हणाली, "रात्री जात नाही असं तो म्हणतो. खरं खोटं देवाला माहीत. पण रविवारी सकाळी खाली बसून चाकं तपासून राहिला होता, शेजारच्या दोन पोरांना पण बोलवलं होतं."

माझ्यासाठी सध्या एवढे पुरे आहे. गणपती अजून देव्हाऱ्यातच आहे.

जय हिंद.